बाबांचा इव्हेंट

उस्मानपुरा, औरंगाबाद
२५ फेब्रुवारी २०१६

मनू,

सुरुवातीला ‘चिरंजीव सौभाग्यवती’ लिहिलं होतं. मग वाटलं, तू म्हणशील, दोन वर्षांनी आईला बरी सौभाग्यवती आठवली! म्हणून कागद बदलला.

आधी एक सांगून टाकते. तुझ्या मोबाइलवर मधूनमधून दुपारचा एक फोन येतो आणि तू ‘हॅलो’ म्हटलंस की कट होतो, तो मीच करते. तुझे बाबा झोपलेले असतात तेव्हा. तुझा आवाज ऐकला की तब्येत कळते मला. बोलत नाही, कारण माझा गळा शाळेतला, बोलायला लागले की चढतो, आणि बाबा उठून बसतील. तेव्हा उगाच कुणा गिऱ्हाइकावर संशय घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. बाबांना एक्याऐंशीवं लागलंय. सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस, त्याची शांत करायची, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं. आपल्याकडं तात्यांचं झालं होतं, तू परकरात होतीस. तारीख चोवीस एप्रिल, रविवार, मंगल कार्यालयात. इंतजाम सगळा देवेशनं पुण्याहून केलाय. मला म्हणाला, “आई, तू काही बघू नकोस, इव्हेंटवाल्यांना दिलंय.” आणि मोबाइलवर त्यांचा कागद पाठवला. ‘शुभारंभ इव्हेंट्स, पैठण रोड, चितेगाव.’ खाली नंबर.

अगं, तो नंबर मला तोंडपाठ आहे! दुपारी लावते तोच.

मी लगेच फोन उचलला. देवेशला विचारलं, तुला ठाऊक होतं का रे? तर म्हणतो, “नेटवर रेटिंग चांगलं होतं.” बहिणीच्या धंद्याचं नाव भावाला ठाऊक नाही. धन्य ते भाऊ. आणि तुला? तुला ऑर्डर घेताना बाबांचं व्यंकटराव हे नाव दिसलं नाही? का दिसलं म्हणूनच घेतलीस?

मनू, हे काम सोड. हात जोडते. बाबांना दिवाळीत दोन स्टेंट बसवल्यात. तुला कळवलं नाही, कळवायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, चिडू द्यायचं नाही. आणि तुझे बाबा कसे आहेत ते तुला मी सांगायचं का? जालन्याची, नांदेडची, सगळी भावकी बसलेली असेल, आणि तू समोर दिसलीस की ते पाटावरून उठून चालू लागतील. एकदा चारचौघांत उठले की मग पुढं कुणी काही जोडू शकणार नाही. आत्ता निदान दार नुसतं लोटलेलं आहे, असं मी मनाशी धरून चालते. त्या दिवशी कडी लागेल.

हा शब्दच मुळी आपल्या घराला बाधला. “आमच्या घरात कार्य होतं, इव्हेंट होत नाही,” असं म्हणूनच त्यांनी तुला बाहेर काढलं ना? एम.ए. झालेली पोर मांडववाल्या सत्यमशी रजिस्टर लग्न करते आणि त्याच्याबरोबर इव्हेंट भरवते. तेव्हापासून पेपरात तो शब्द आला तरी ते पान उलटतात.

देवेशला काहीतरी कारण सांग आणि मोकळी हो.

आई

१७ मार्च २०१६

मनू,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी! ‘काम घेतलंय, मागं घेणार नाही. बाबांचं कार्य दुसऱ्या कुणी वेडंवाकडं केलेलं मला चालणार नाही. मी समोर येणार नाही. सत्यम आणि त्याची माणसं असतील.’

वाचून आधी राग आला, मग हायसं वाटलं, आणि रात्रीपर्यंत पुन्हा काळजी. सत्यमला त्यांनी एकदाच पाहिलंय, तेही दारात. ओळखतील का? तू म्हणशील नाही ओळखणार. पण त्यांची नजर ट्रेझरीतली आहे गं, बनावट सही लांबून ओळखायचे.

तुमचा तो कार्यक्रमाचा कागद मात्र वाचला आणि कपाळावर हात मारला. ‘एंट्री: गुलाबपाकळ्या व फॉगसह.’ कशाचा फॉग? त्यांना उदबत्तीनं खोकला येतो! आणि ‘अँकर’ म्हणून कुणी मुलगी माइकवर विचारणार, “सर, हजार चंद्र पाहून कसं वाटतं?” सत्यमला सांग, असलं काही केलं तर मीच आधी उठून जाईन. साधा पाट, साधी रांगोळी, समोर ताम्हण. आणि खुर्ची तयार ठेवा, फार वेळ मांडी घालवत नाही त्यांना. पंखा त्यांच्या डाव्या अंगाला नको. लाडू मऊ. एवढं केलंत तरी पुष्कळ.

झोप लागत नाही म्हणून परवा माझी शाळेतली जाड डिक्शनरी काढली. म्हटलं, या मेल्या शब्दाचं कुळ तरी बघू. तर गंमत बघ. ‘इव्हेंट’ लॅटिनमधला. ई म्हणजे बाहेर, व्हेनिरे म्हणजे येणं. बाहेर येणं. आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ समारंभ बिमारंभ नव्हताच. एखाद्या गोष्टीतून शेवटी जे निघतं ते. लढाईचा इव्हेंट म्हणजे लढाई नव्हे, कोण जिंकलं ते. तीस वर्षं पोरींना इंग्रजी शिकवलं आणि हे मला ठाऊक नव्हतं. प्रिव्हेंटही त्याच घरातला. आधी येऊन वाटेत उभं राहणं. म्हणजे मी सध्या करतेय तेच.

चहाच्या वेळी हे बाबांना वाचून दाखवलं. हो, मुद्दामच. त्यांनी पेपर खाली केला. म्हणाले, “म्हणजे आधी कुणालाच ठाऊक नसतं तर. मग हे लोक आधी पत्रिका कशी छापतात?”

मी हसले. तेही हसले, मनू! त्या शब्दावर दोन वर्षांत पहिल्यांदा. मग आपणहून सांगायला लागले, त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत होते, ते घरात काही झालं की म्हणायचे ‘वाकया झाला’. वाकया म्हणजे पडलेलं. वरून येऊन पडलं, आपण काय करणार. मी म्हटलं, आणि आपली ‘घटना’? ती घट् धातूवरून, जुळवणं, सांधणं. तर म्हणाले, “सांधणं आपल्या लोकांनी नुसतं व्याकरणात ठेवलं.” आणि पुन्हा पेपर वर. हे ते कुणाला म्हणाले, तुला, मला की स्वतःला, देव जाणे. विचारायची माझी टाप नव्हती.

आई

९ एप्रिल २०१६

मनू,

काल पाडवा झाला. गुढी उभारली, श्रीखंड आणलं नाही, कुणाच्या घशाखाली उतरणार? लातूरला म्हणे रेल्वेनं पाणी न्यायचं चाललंय. आपल्याकडं नळ आता चौथ्या दिवशी. तोही कधी पहाटे, कधी भर दुपारी. लाइनमन पुंडलिक व्हॉल्व्ह फिरवेल तेव्हा आपला दिवस. तुमच्या चितेगावाकडं तर नळच नाही, टँकर आठवड्यानं येतो असं आवडाबाई भांडी घासता घासता सांगत होती. खरं का? तिची बहीण तुमच्या गोडाऊनजवळ राहते. धुणं कसं करतेस गं?

पाण्याच्या दिवसाचं तुला नव्यानं काय सांगायचं, तू याच घरात वाढलीस. पाणी आलं म्हटलं की हातातलं टाकून पळायचं. आता तर नळाला जोरच नसतो, मोटर लावल्याशिवाय हौदात थेंब पडत नाही. आणि आपली मोटर हवा धरते. वरून तांब्यानं पाणी ओतायचं, कानानं आवाज ऐकायचा, मग बटण. ते मलाच जमतं. म्हणून चौथ्या दिवशी मी घर सोडत नाही. शेजारच्या नानासाहेबांनी तर नातवाचा साखरपुडा पाण्याच्या दिवसामुळं पुढं ढकलला, आणि मुलीकडच्यांनीही “बरोबर आहे” म्हटलं!

तर मी बोटं मोजली. आपलं पाणी तेवीसला, शनिवारी येतं. रविवारी कार्य. अगदी जमून आलंय.

पण बाबांनी मध्येच हट्ट धरला, कार्य रद्द करा. “माणसं घागरीसाठी रांगा लावतायत आणि मी पाटावर बसून ओवाळून घेऊ?” मी म्हटलं, पन्नास-साठ माणसं, घरचीच, पत्रावळीवर जेवतील, भांडी धुवायची नाहीत. मग पेपरची घडी घातली. विचारलं, “ओवाळणार कोण?”

आता काय सांगू? ओवाळायला आधी लेक लागते. बाकीच्या सवाष्णी मागून. म्हटलं, तुमच्या भाच्या येतायत जालन्याहून. अश्लेषा आहे. सुनेनं ओवाळलं तरी चालतं.

“चालतं,” म्हणाले, आणि उठून अंगणात गेले.

मनू, त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. पण प्रश्न विचारला तो तुझाच होता, हे मला कळतं. मग वाटतं, तुला बोलवावं. लगेच वाटतं, नको बाई, मी आशेनं बोलवायची आणि त्यांनी सगळ्यांदेखत तुला झिडकारायचं. तू ते सोसशील? मी सोसणार नाही.  तुला ये म्हणावं की येऊ नको म्हणावं, या दोन्हींच्या मध्ये मी दिवसभर येरझारा घालते, आणि भाजी करपते.

येऊ नकोस. तुझ्या कार्डातलं वाक्यच बरं आहे.

आई

२३ एप्रिल २०१६, दुपार

मनू,

हे आवडाबाईच्या हाती पाठवतेय, तिला बहिणीकडं जायचंच आहे.

घात झाला. मोठी पाइपलाइन फुटली, आज पाणी नाही. पुंडलिक म्हणतो, “उद्या बघू.” उद्या! हौदात तळाला हातभर आहे. घरात पाहुणे. देवेश म्हणतो टँकर मागवू, टँकरवाले फोन उचलत नाहीत. बाबांनी सकाळीच नवं धोतर काढून ठेवलंय. गोळी मीच दिली.

एक सांगू? जर तू आलीच असशील तिथं, पडद्यामागं, स्वयंपाकाच्या बाजूला, कुठंही, तर मागच्या दाराजवळ थांब. वाढपाच्या निमित्तानं मी एकदा तिकडून येईन. नुसतं बघेन. बोलायचं नाही, रडायचं नाही. बाबांच्या नजरेला पडायचं नाही.

आई

२५ एप्रिल २०१६

मनू,

काल मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून ऐक, नाहीतर ही बाई असं कसं करू शकते, हा विचार करत बसशील.

होम झाला, पूर्णाहुती झाली. बाबांना खुर्चीत बसवलं. सत्यमला त्यांनी पाहिलं, दोनदा पाहिलं.  गुरुजी म्हणाले, दिवे लावा. सगळ्या बायकांनी वाकून एक्याऐंशी दिवे पेटवले. आणि तेवढ्यात नानासाहेबांचा मोबाइल वाजला. म्हातारा बहिरा, स्पीकरवर ठेवतो. घरून त्यांचा मुलगा ओरडला ते सगळ्या कार्यालयानं ऐकलं, “बाबा, पाणी आलंय! जोरात आलंय!”

काय सांगू तुला. नानासाहेब ताडकन उठले. त्यांच्यामागं कुलकर्णी. मग अख्खी आपली गल्ली. कुणी काडी विझवली, कुणी पत्रावळी मांडता मांडता उठलं. बायका एकमेकींना म्हणतायत, “तू थांब, मी येते,” आणि दोघीही निघतायत. देवेश गाडी काढून जोशीकाकूंना सोडायला पळाला. जालन्या-नांदेडच्या सगळ्या पाहुण्यांना वाटलं आग लागली, तेही बाहेर. अश्लेषाला मी ओरडून म्हटलं, घरी चल, पिंपं लाव, मी मोटर बघते.

हो. मी. नवऱ्याच्या सहस्रचंद्रदर्शनातून उठले, कमरेच्या किल्ल्या चाचपल्या आणि नानासाहेबांच्या रिक्षात बसले. मला काही कळलंच नाही गं! पाय आपोआप निघाले, तू मागच्या दाराशी असशील हेही आठवलं नाही. घरी आले, तांब्यानं पाणी ओतलं, आवाज ऐकला, बटण दाबलं. हौदात धार पडली. आणि तेव्हा मला आठवलं, की बाबा खुर्चीत बसलेत, समोर एक्याऐंशी दिवे पेटलेत, आणि ओवाळायला मी कुणालाही मागं ठेवलेलं नाही.

हौदाच्या कट्ट्यावर बसून मी रडले. मोटर बंद करवेना, ही आणखी लाजेची गोष्ट. पुन्हा चार दिवस कुठलं पाणी?

पुढचं मला आवडाबाईनं सांगितलं. ती एकटी तिथं होती, तिच्या वस्तीत नळ नाही म्हणून तिला पळायचं कारण नव्हतं. तिच्याच शब्दांत लिहिते.

“गुरुजी म्हनले, पेटलेलं ताम्हन खाली ठेवू नाय, कुनी सवाष्ण हाय का? म्या रांडव बाई, म्या कशी म्होरं व्हनार? कुनीच नाय. साहेब एकलेच बसलेले, दिव्याकडं बघत. तवा तो सत्यम वायरी गुंडाळत व्हता, त्यानं हातातलं टाकलं आन् पडद्यामागं गेला. मनूताईला घिऊन आला. गळ्यात ते कारड, डोक्यावरून वढनी घेतलेली, डोळं लाल. लई भ्याली व्हती. ताम्हन उचलून म्होरं आली. साहेबानं वर पाह्यलं. आन् उठले की वो! म्या म्हनलं, गेले. झालं आता. मनूताई बी थांबली. साहेब म्होरं आले, आन् म्हनले, ‘मने, ओढणी मागं घे. दिव्यावर येतेय, पेटेल.’ अन् सोताच्या हातानं तिच्या खांद्यामागं टाकली. मंग परत जाऊन बसले. म्हनले, ‘हं, ओवाळ.’”

हे आवडाबाई तीनदा सांगून चुकली आणि मी तीनदा रडून चुकले. दोन महिने मी ज्याला भीत होते ते त्यांचं उठणंच होतं. ते उठले. मी तिथं नव्हते.

आता तू सांग. पुढं काय झालं? ओवाळताना बोललात का? सत्यमला त्यांनी काय म्हटलं? आवडाबाई म्हणते, साहेबांनी त्याला जवळ बसवून जेवायला लावलं. खरं? तुला पान वाढलं का कुणी? मी दोन महिने कुढायचं आणि नेमकी ती घटका पाण्याच्या मोटरीपाशी घालवायची, हे माझंच नशीब.

बाबा घरी आले ते तुमच्या टेम्पोत, पुढं, ड्रायव्हरशेजारी. देवेश गाडी घेऊन उभा होता, त्याला म्हणाले, तू ये मागून. मी दारातच उभी. पायावर डोकं ठेवायची तयारी करून, काय ऐकावं लागेल ते ऐकायला. त्यांनी चप्पल काढली. माझ्याकडं बघितलं. विचारलं, “हौद भरला?”

मी म्हटलं, भरला.

“पिंपं?”

तीही भरली, म्हटलं. मी सोडून आले, मला माफ करा, असं म्हणणार होते, पण त्यांनी हातानंच थांबवलं. आत गेले, धोतर बदललं, पाणी मागितलं. तांब्यातल्या पाण्याकडं बघितलं.

मग म्हणाले, “तिकडं टँकर आठ दिवसांनी येतो म्हणे. सत्यम सांगत होता.”

 माझा शाळेतला गळा त्या वेळी बसला होता.

“पुढचं पाणी गुरुवारी,” ते म्हणाले. “दोघांनाही लिही, सकाळीच या म्हणावं. टेम्पो घेऊन. आणि रिकामी भांडी घरात असतील तेवढी सगळी आणा म्हणावं.”

आई